पाचामुखी परमेश्वर, पण पाच निवडणार कोण?

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. आपल्या ग्रामन्यायाची सगळी श्रद्धा या दोन शब्दांत साठवलेली आहे, असेही म्हणतो. परंतु या म्हणीला एक साधा प्रश्न विचारायचे आपण सातत्याने टाळत आलो आहोत. ते पाच कोणी निवडले? कोणत्या आळीतून निवडले? आणि ज्या वस्तीतला एकही माणूस त्या पाचांत कधी बसला नाही, त्या वस्तीशी परमेश्वर कोणत्या मुखाने बोलला?

हा विषय काढला की सुशिक्षित मंडळी हसतात. 'भारतात ज्युरी उरली आहे कोठे? ती नानावटीबरोबर गेली. ज्युरीच्या निवडीत भेदभाव होतो की नाही, ही चिंता अमेरिकेने करावी,' असे सांगून ती मोकळी होतात. आम्ही हे गोरेगावात बसून लिहीत आहोत. हे मुंबईचे गोरेगाव नव्हे, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले. येथून आम्हांला असे दिसते की ज्युरी गेली खरी, पण निवड गेलेली नाही. निवडीतला दोषही गेलेला नाही. त्याने फक्त घर बदलले आहे. हे म्हणणे आम्ही इतिहासाच्या आधाराने मांडू इच्छितो. त्याची सुरुवात आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती वाचकांना, थोडी अवघडून टाकणारी आहे.

१८२६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हिंदुस्थानच्या इलाखा शहरांसाठी ज्युरीचा एक कायदा केला. तोवर मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथल्या वरिष्ठ न्यायालयांत हिंदी माणसाला ज्युरीत जागा नव्हती. या कायद्याने ती दिली. मात्र देताना एक मेख मारून ठेवली. आरोपी ख्रिस्ती असेल तर त्याचा न्याय करणारे सर्व ज्युरर ख्रिस्तीच असले पाहिजेत, आणि ग्रँड ज्युरीत ख्रिस्तेतराला प्रवेश नाही. याचा अर्थ असा की माझगावच्या ख्रिस्ती माणसाला शेजारच्या हिंदूचा किंवा मुसलमानाचा न्याय करता येई. पण त्या हिंदूला किंवा मुसलमानाला ख्रिस्त्याचा न्याय करता येत नसे. राजा राममोहन राय यांनी नेमके याच विषमतेवर बोट ठेवले. हिंदू आणि मुसलमान यांच्या सह्यांचे अर्ज पार्लमेंटपर्यंत गेले आणि १८३२ च्या कायद्याने तो भेद काढून टाकण्यात आला.

आमच्या मते या लहानशा प्रकरणात पुढच्या दोनशे वर्षांची सगळी कहाणी आलेली आहे. सत्ता कधीही 'तुम्हांला न्याय देणार नाही' असे म्हणत नाही. ती 'तुम्हांलाही जागा आहे' असे म्हणते आणि जागा वाटण्याचा अधिकार आपल्या हाती ठेवते. त्या वेळी ही जागा आपल्या धर्माच्या नावाने राखून ठेवलेली होती, हे आपण विसरू नये. ज्याला सवलत मिळते त्याला ती सवलत आहे हे सहसा दिसतच नाही. ती त्याला निसर्गनियमासारखी वाटते.

आपल्यातल्या एका थोर माणसाने पुढे या ऋणाची फेड केली, असे म्हणावयास हरकत नाही. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले, ईस्ट इंडियन समाजातले बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा, लोकांचे 'काका', हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी होते. १९०८ च्या जूनमध्ये 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. खटला साध्या ज्युरीपुढे न चालवता खास ज्युरीपुढे चालवावा, असा अर्ज सरकार पक्षाने मुंबई उच्च न्यायालयात केला. या अर्जाला विरोध करायला बॅप्टिस्टा उभे राहिले. खास ज्युरीच्या यादीतून युरोपियनांचेच बहुमत येणार आणि मराठी लेखांचा न्याय मराठी न जाणणारे लोक करणार, हे त्या विरोधाचे मर्म होते. न्यायमूर्ती दावर यांनी सरकारचा अर्ज मान्य केला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी आले. २२ जुलैला निकाल लागला. दोषी म्हणणारे सात, निर्दोष म्हणणारे दोन. सहा वर्षे काळे पाणी.

अकरा वर्षे आधी, १८९७ मध्ये, न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे हेच घडले होते. त्या वेळी सहा युरोपियन ज्युररांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन हिंदी ज्युररांनी निर्दोष ठरवले. दोन खटले, दोन निराळ्या ज्युरी, आणि दोन्ही वेळा मतांची फाळणी नेमकी वर्णाच्या रेषेवर झाली. पुरावा तोच, साक्षी त्याच, भाषणे तीच. फरक होता तो ऐकणाऱ्या कानांत. १९०८ मध्ये टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी स्वतः घेतली. एकेका मराठी शब्दाची छटा ते इंग्रजीत समजावून सांगत राहिले. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. पण ज्यांनी मूळ लेखाची एक ओळही वाचलेली नव्हती, त्यांना छटा कशी समजणार?

हे आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हा भाग १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे न्यायालयाची भाषा उर्दू होती आणि रयतेची मराठी. आपल्यावरचा आरोप दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या भाषेत ऐकणे म्हणजे काय, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी अनुभवलेले आहे.

आता उपायांकडे वळू. कारण अन्याय सांगणे सोपे असते. उपाय सांगताना माणसाची परीक्षा होते.

पहिला उपाय सुचतो तो राखीव जागांचा. अर्धी ज्युरी आरोपीच्या जातीची किंवा वर्णाची असावी. ऐकायला न्याय्य वाटते. पण हा उपाय हिंदुस्थानात वापरून झालेला आहे, आणि तो कोणी वापरला ते पाहण्यासारखे आहे. १८८३ मध्ये इल्बर्ट यांनी मांडलेल्या विधेयकाने जिल्ह्यातल्या हिंदी न्यायाधीशांना युरोपियन आरोपींचे खटले चालवण्याचा अधिकार मिळणार होता. गोऱ्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आकाशपाताळ एक केले. शेवटी १८८४ मध्ये तडजोड निघाली. युरोपियन ब्रिटिश प्रजाजनाला जिल्ह्यातही ज्युरी मागता येईल, आणि तिच्यातले निदान निम्मे ज्युरर युरोपियन किंवा अमेरिकन असतील. मजुराला लाथ घालून मारणारा मळेवाला 'त्याची प्लीहा आधीच वाढलेली होती' असे सांगून सुटे किंवा किरकोळ शिक्षेवर निभावून नेई, तो काळ हा. 'माझा न्याय माझ्या बरोबरीच्यांनी करावा' हे दुर्बलाचे कवच सबलाने अंगावर चढवले होते. १९२३ मध्ये या सवलतींना थोडी कात्री लागली. त्या समूळ नाहीशा होण्यास १९४९ चा कायदा, म्हणजे स्वातंत्र्य यावे लागले. तेव्हा राखीव जागा हा उपाय म्हणून पुढे करणाऱ्यांनी, त्या जागा कोणाला आणि कोणापासून संरक्षण देणार, हे आधी सांगावे.

दुसरा उपाय आपल्या राज्यकर्त्यांनी निवडला. ज्युरीच नको! नानावटी प्रकरणामुळे ज्युरी गेली, ही समजूत इतकी पक्की झाली आहे की तिला धक्का द्यावाच लागेल. नौदल अधिकारी नानावटी यांना ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना ते मान्य न होऊन त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे जन्मठेप झाली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, हे सर्व खरे. परंतु प्रेम आहुजांचा खून झाला १९५९ च्या एप्रिलमध्ये, आणि ज्युरी रद्द करावी अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात केली ती १९५८ मध्ये. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थानच उरले नाही.

कारण काय सांगण्यात आले? लोक भावनेच्या भरात वाहतात, लोक अजून तयार नाहीत. आम्ही विचारतो, टिळकांना दोषी ठरवणारे ते सात सुशिक्षित, संपन्न युरोपियन भावनेच्या भरात वाहिले नव्हते काय? दोष लोकांचा नव्हता. यादी करणाऱ्याचा होता. यादी कधी शुद्ध केलीच नाही, आणि मग यादीतली माणसे अशुद्ध निघाली म्हणून संस्थाच बुडवली. विहिरीत उतरण्याचा हक्क मूठभरांना द्यायचा, पाणी गढूळ झाले की विहीर बुजवायची आणि तहानलेल्यांना सांगायचे की तुम्हांला पाणी पिता येत नाही! असा हा न्याय.

तिसरा उपाय अमेरिकेने शंभर वर्षे चाचपडत शोधला, म्हणून तिकडे पाहणे आवश्यक आहे. ज्युरीत फक्त गोरे पुरुष घेण्याचा पश्चिम व्हर्जिनिया राज्याचा कायदा तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्येच अवैध ठरवला. कायदा गेला, प्रथा राहिली. दोन्ही बाजूंच्या वकिलांना कारण न सांगता काही ज्युररांची नावे खोडण्याचा अधिकार असे. सरकारी वकील त्या अधिकाराने काळ्या ज्युररांना एकामागून एक बाहेर काढीत. १९६५ मध्ये न्यायालय म्हणाले, अनेक खटल्यांत असेच घडत आले आहे हे आरोपीने सिद्ध करावे. एका गरीब आरोपीने जिल्ह्याचे दप्तर कोठून आणावे? १९८६ मध्ये केंटकी राज्यातल्या बॅटसन या आरोपीच्या अपिलावर न्यायालय एक पाऊल पुढे आले. आता आरोपीला आपल्याच खटल्यावरून संशय दाखवता येऊ लागला आणि सरकारी वकिलाला वर्णाशी संबंध नसलेले कारण सांगणे भाग पडले.

वाचकहो, पुढे काय झाले असेल याची कल्पना आपल्याला येईल, कारण आपण सरकारी कारणे ऐकण्यात पारंगत आहोत. कारणे भराभर मिळू लागली! एकाचे केस लांब, दुसऱ्याला दाढी. १९९५ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने, कारण पटण्याजोगे नसले तरी त्या पायरीवर चालेल, असे म्हटले. जॉर्जिया राज्यातल्या फॉस्टर नावाच्या आरोपीचा खटला १९८७ चा. सरकारी वकिलांच्या कागदांत काळ्या ज्युररांची नावे हिरव्या शाईने रंगवलेली होती आणि त्यांच्यापुढे खुणेचे अक्षर लिहिलेले होते. हे कागद बाहेर आले ते त्या राज्याच्या माहिती खुली करणाऱ्या कायद्यामुळे, आणि न्याय मिळाला २०१६ मध्ये. मिसिसिपीच्या कर्टिस फ्लॉवर्सवर एकाच गुन्ह्याचा खटला एकाच सरकारी वकिलाने सहा वेळा चालवला. काळ्या ज्युररांची जी ४२ नावे त्याला खोडता आली असती, त्यांपैकी ४१ त्याने खोडली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

या साऱ्यातून एकच धडा निघतो. निवडणाऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करा, अशी अट घातली की उपाय मेला. मन कोणाला उघडून दाखवता येत नाही, आणि दाखवता आले तरी माणसाला स्वतःचेच मन नीट दिसत नाही. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी हे १९८६ मध्येच सांगितले होते. कारण न देता नाव खोडण्याचा अधिकारच काढून घ्या, असे त्यांचे मत होते. इंग्लंडने तो १९८८ च्या कायद्याने काढला, कॅनडाने २०१९ मध्ये आणि ॲरिझोना राज्याने २०२२ पासून. वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. हेतू विचारायचाच नाही. त्रयस्थ आणि जाणत्या माणसाला या खोडण्यात वर्णाचा संबंध दिसू शकेल काय, एवढेच पाहायचे. पोलिसांवर विश्वास नाही, गुन्हेगारीच्या वस्तीत राहतो, अशी ठरावीक कारणे तेथे सकृद्दर्शनी अग्राह्य मानली जातात.

हेतूच्या या खड्ड्यात आपणही पडलो होतो. अनुसूचित जातीजमातींवरील अत्याचारांना आळा घालणाऱ्या १९८९ च्या कायद्यातल्या सर्वांत कडक कलमापैकी एकात, गुन्हा पीडिताच्या जातीच्या 'कारणावरून' घडला हे दाखवावे लागे. २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात आरोपींना शिक्षा झाल्या, पण तो कायदा लागू झाला नाही; न्यायालयांना तेथे जात दिसली नाही, सूड दिसला. पुढे संसदेने दुरुस्ती केली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. आता आरोपीला पीडिताची जात माहीत होती, एवढे पुरते. म्हणजे हेतूकडून वस्तुस्थितीकडे येण्याचे शहाणपण आपल्या कायद्याला अपरिचित नाही.

मग आमची तक्रार कोणती? तक्रार त्या 'पंच' शब्दाची आहे. न्याय देणारे पंच आज न्यायालयात नाहीत. पण पंचनाम्यावर सही करणारे पंच गावोगाव आहेत. झडतीच्या वेळी त्या ठिकाणचे दोन किंवा अधिक 'स्वतंत्र आणि प्रतिष्ठित' रहिवासी बोलवावेत, असे जुनी संहिता सांगत होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १०३ व्या कलमातही तेच शब्द आहेत. स्वतंत्र म्हणजे कोणापासून? आणि प्रतिष्ठित कोण, हे कोणी ठरवायचे? ज्या गावात प्रतिष्ठा जमिनीच्या सातबाऱ्यावर आणि आडनावावर मोजली जाते, तेथे वेशीबाहेरच्या वस्तीतला मजूर प्रतिष्ठित कधी होणार? पंचनाम्याची घाई असते. चौकात उभा असलेला, पाटलाच्या ओळखीचा, सही करता येणारा माणूस बोलावला जातो. त्याला कोणी दुष्टाव्याने निवडलेले नसते, आणि तरीही वर्षानुवर्षे पंच एकाच बाजूच्या आळ्यांतून येत राहतात. आम्ही कोणा एका ठाण्याकडे बोट दाखवत नाही. जे ठाणेदाराला बिनहिशेबी मुभा देते, त्या नियमाकडे दाखवतो.

कोणी म्हणेल, पंच हा साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. त्याची ज्युररशी तुलना कशाला? मान्य. पण रक्ताचा डाग कोठे होता, काठी कोणाच्या घरातून निघाली, हे न्यायाधीशाला पंचाच्या डोळ्यांनीच दिसते. तो न्यायालयात फिरला तर न्यायाधीशाच्या हाती कोरा कागद उरतो. खर्डा येथे २०१४ मध्ये नितीन आगे या मुलाची हत्या झाली. २०१७ मध्ये सत्र न्यायालयात आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले होते. ज्या गावात रोज आरोपीच्या शेतावरूनच जावे लागते, तेथे साक्षीदाराचा कणा कशाच्या आधारावर ताठ राहील?

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, प्रत्येक गावाची पंचांची यादी मतदार यादीवरून, सर्व प्रभागांतून आणि वस्त्यांतून, स्त्रियांसह तयार व्हावी आणि नावे चिठ्ठीने निघावीत. 'प्रतिष्ठित' या शब्दाचा अर्थ 'मतदार' एवढाच धरावा. दुसरी, चिठ्ठीतले नाव वगळले तर त्याचे कारण पंचनाम्यातच लिहावे. तिसरी, ते कारण तपासताना अधिकाऱ्याचे मन तपासू नये. गावाबाहेरच्या जाणत्या माणसाला त्या निवडीत जात दिसू शकते काय, एवढेच तपासावे. चौथी, कोणत्या वस्तीतून किती पंच आले याची नोंद ठाण्यात राहावी आणि ती जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीपुढे ठेवावी. १९९५ च्या नियमांप्रमाणे ही समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तीन महिन्यांतून एकदा तरी बसावयाची असते. त्या बैठकीत आणखी एक कागद वाचण्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

यावर आक्षेप येतील. 'कोणी पंच व्हायला तयारच होत नाही.' लेखी आदेशानंतर सबळ कारणाविना नकार देणे हा गुन्हा आहे. ज्यांना कधी विचारलेच नाही, ते तयार नाहीत हे आपल्याला कसे कळले? 'सरकारी नोकरांनाच पंच करा.' करा, पण नोकर हा पोलिसांइतकाच सरकारचा, आणि 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ मग कोणत्या कोशात शोधायचा? 'नव्या संहितेने झडतीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, आता पंचांचे महत्त्व काय?' चित्रीकरण चांगलेच आहे. पण कॅमेरा कोठे धरायचा हेही कोणी तरी माणूसच ठरवतो. 'गावात जातीचे विष पसरेल.' हा आक्षेप सर्वांत जुना. विष पसरते ते मोजल्याने नव्हे. न मोजल्याने ते फक्त दिसेनासे होते.

आपल्या समाजाला शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. १८२६ मध्ये आपल्याला न मागता एक आसन मिळाले होते, आणि शेजाऱ्याला ते नाकारले गेले होते. १९०८ मध्ये आपल्यातलाच एक जण न्यायालयात उभा राहून म्हणाला की अशा आसनांवर झालेला न्याय हा न्याय नव्हे. तो त्या दिवशी हरला. परंतु आपण कोणाचे वारसदार म्हणवून घ्यायचे, आसन मिळालेल्यांचे की ते आसन नाकारलेल्यांसाठी बोलणाऱ्याचे, हे अजून आपल्या हाती आहे. पाचामुखी परमेश्वर बोलावा असे खरोखर वाटत असेल, तर पाचांच्या निवडीतून आपला हात आधी काढून घेतला पाहिजे.